गुराबेची नाळ जमली आहे, गलबतं मात्र कमी पडतात

खेळासाठी मराठा आरमारातल्या जहाजाची छोटी प्रतिकृती विकत घेताना मी सगळ्यात आधी नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, बघतो. डोलकाठ्या, शिडं, झेंडे घरी बदलता येतात. नाळ चुकली तर ती गुराब, म्हणजे मराठ्यांची मोठी लढाऊ नौका, राहतच नाही, कुठलंतरी युरोपी जहाज होऊन बसते. मी घेतलेल्या जहाजांच्या संचातल्या दोन्ही गुराबांची नाळ बरोबर आहे, म्हणूनच त्यावर सविस्तर लिहितोय.

संच पुण्याच्या एका लहान छपाईवाल्याकडून आला. मागणी आली की तो थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये जहाजं काढून पाठवतो. प्रमाण 1:700, म्हणजे सात मीटरचा एक सेंटिमीटर. डब्यात तीन डोलकाठ्यांच्या दोन गुराबा, चार गलबतं (गुराबांसोबत जाणाऱ्या वल्ह्यांच्या लहान नौका) आणि ईस्ट इंडिया कंपनीचं एक मोठं व्यापारी जहाज. पैठणला घरपोच 3,400 रुपये पडले. 2019 साली निघालेला ब्लॅक सीज हा जहाजांच्या लढाईचा खेळ याच प्रमाणातला आहे, त्यामुळे त्याची इंग्रज-फ्रेंच जहाजं कोणाकडे असतील तर ती यांच्या शेजारी मांडता येतात. सेल्स ऑफ ग्लोरी या तशाच दुसऱ्या खेळाची जहाजं 1:1000 ची, ती इथं चालणार नाहीत.

आता नाळ. त्या काळच्या इंग्रजांनी लिहून ठेवलेल्या वर्णनात गुराब मधे रुंद आणि पुढे निमुळती होत जाणारी, पाण्यात फार खोल न जाणारी आहे. भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी तिची नाळ लांब बाहेर आलेली. नाळेवर मजबूत तक्तपोशी, पण कठडा नाही. समोरून लाट आली की अशी गुराब जोरात डुचमळते. नाळेवर आलेलं पाणी कठड्यात अडकून न राहता लगेच वाहून जावं म्हणून ती बाजूनं उघडी ठेवलेली. तिच्यामागे आडवी भिंत, भिंतीत दोन झरोके आणि त्यातून नाळेवरून थेट समोर मारा करणाऱ्या नऊ किंवा बारा पौंडी (म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा टाकणाऱ्या) दोन तोफा. बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी.

या छपाईवाल्यानं हे सगळं वाचलेलं दिसतं. नाळ सपाट आणि उघडी आहे, मागची भिंत वेगळी दिसते, आणि भिंग धरलं की दोन्ही तोफांची तोंडंसुद्धा ओळखू येतात. याआधी मी घेतलेल्या एका परदेशी संचात गुराब म्हणून जे दिलं होतं, ते साधं ब्रिग, म्हणजे दोन डोलकाठ्यांचं युरोपी जहाज होतं आणि त्यावर नुसता भगवा छापलेला होता. तो फरक पाहिल्यावर हे जहाज हातात घेऊन मला खरोखर भरून आलं. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराला चाचे म्हणून निकालात काढणारे लोक अजून भेटतात. त्यांनी निदान ही जहाजं कशी बांधली होती एवढं तरी नीट बघावं.

नाळ बरोबर असली की खेळसुद्धा बदलतो. आमचा खेळ रविवारी संभाजीनगरला सिडकोत, बहिणीच्या घरी चालतो. युरोपी पद्धतीच्या नियमांत जहाजं रांगेत येतात आणि बाजूच्या तोफा एकमेकांवर रिकाम्या करतात. आंग्र्यांची रीत तशी नव्हती. आठ-दहा गुराबा, चाळीस-पन्नास गलबतं असा ताफा निघायचा. वारा पडला की गलबतं वल्ह्यांच्या जोरावर गुराबांना ओढत न्यायची. शत्रूच्या पिछाडीला, त्याच्या बाजूच्या तोफांचा मारा जिथं पोचत नाही तिथं राहायचं, समोरच्या तोफांनी डोलकाठ्या पाडायच्या, आणि जहाज लुळं पडलं की एकेका गलबतातून दोन-तीनशे माणसं एकदम वर चढवायची. म्हणून आम्ही नियमांत दोन गोष्टी वाढवल्या: गुराबेला समोरचा मारा, आणि वारा नसताना गलबतानं ओढण्याची चाल.

पहिल्या डावात भाच्यानं कंपनीचं जहाज घेतलं. मी सारखा त्याच्या मागच्या अंगाला सरकत होतो, तर तो म्हणाला, "मामा, तुमची जहाजं समोर येईनात कामून? नुसती मागंच फिरायलीत." मी म्हटलं, "तुझ्या बाजूला सगळ्या तोफा हायेत, मी तिकडं कशाला येऊ?" तिसऱ्या फेरीत त्याची मागची डोलकाठी गेली, मग मधली. त्यानंतर त्यानं स्वतःहून मराठ्यांची बाजू मागून घेतली आणि आजवर सोडलेली नाही. 1735 साली कान्होजींचे पुत्र संभाजी आंग्र्यांनी डर्बी हे कंपनीचं जहाज पकडलं, तो प्रसंग या संचात जवळजवळ जसाच्या तसा मांडता येतो.

1756 ची विजयदुर्गची लढाई मात्र मांडताना हात जड होतो. इंग्रज अॅडमिरल वॉटसनचं आरमार समोर, पेशवे इंग्रजांच्या बाजूनं, एका जहाजाला आग लागते आणि तुळाजी आंग्र्यांचा ताफा बंदरातच जळून जातो. तो डाव मी एकदाच मांडला.

इथं संचाची मोठी उणीव येते. चार गलबतं अजिबात पुरत नाहीत. दोन गुराबांना निदान दहा तरी हवीत, नाहीतर चढाईची वेळ आली की हातात काही उरत नाही. गलबत घडवलंय मात्र सुंदर. बोटाच्या पेराएवढं आहे, तरी मोठ्या डोलकाठीवरचं एकच भलंमोठं तिकोनी शीड, मागची किरकोळ काठी आणि दोन्ही बाजूंची वल्ही स्पष्ट आहेत. सत्तर टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं जहाज इतक्या लहान आकारात असं दिसणं सोपं नाही.

दुसरी तक्रार डोलकाठ्यांची. रेझिनची इतकी बारीक काठी ठिसूळ असणारच. माझ्याकडे आली तेव्हा एक मोडलेली होती आणि एक वाकलेली. वाकलेली गरम पाण्यात बुडवून सरळ झाली. पण खेळात जहाजाला सारखा हात लागतो, म्हणून मी सगळ्याच काढून टाकल्या आणि पाऊण मिलिमीटरची पितळी तार बसवली. नुसतं कपाटात ठेवायचं असेल तर हिराची काडी घासून लावली तरी छान दिसते. छापलेली शिडंही जाड आहेत. मी पातळ कागदाला पाण्यात कालवलेला फेविकॉल लावला, गोल पेनावर ताणून वाळवला आणि त्याची शिडं कापली. वारा भरल्यासारखा फुगवटा येतो.

दोरखंडासाठी डब्यात दिलेला धागा सुती आहे. त्याची लव या आकारात दोरीएवढी जाड दिसते, तो वापरू नका. मी पैठणीच्या मागावर बसणारा माणूस, घरात कांड्यांवर उरलेलं रेशीम असतं. त्याचा पीळ उकलून एक पदर वेगळा काढायचा, मधमाशीच्या मेणावरून एकदा ओढायचा आणि चिमट्यानं ताण देत बांधायचा. कंपनीच्या जहाजाचे डोलकाठ्यांना आधार देणारे दोर डांबर लावलेले असत, म्हणून तिथं काळं रेशीम. आपल्याकडे काथ्याचे दोर, म्हणून गुराबांना मातकट तपकिरी. एवढ्या एका फरकानं दोन्ही आरमारं लांबूनही वेगळी ओळखू येतात. ज्यांच्याकडे रेशीम नाही त्यांनी शिंप्याच्या दुकानातला सगळ्यात बारीक पॉलिस्टर धागा घ्यावा.

रंगांचं माहितीपत्रक मला पटलं नाही. त्यात गुराबेला काळे-पिवळे पट्टे दाखवलेत. ती पद्धत इंग्रज अॅडमिरल नेल्सनच्या, म्हणजे 1800 च्या आसपासच्या काळातली, कान्होजी 1729 लाच गेले. माझ्या गुराबा सागवानी तपकिरी आहेत, तेल पाजलेल्या लाकडाच्या रंगाच्या, आणि पाण्याखालचा भाग फिकट. झेंडे कागदी आणि छपाईला चांगले आहेत, तेवढे तसेच ठेवले.

आपल्याकडच्या हवेचं थोडं सांगतो, कारण पत्रकात ते नाही. एप्रिल-मे मध्ये दुपारी अॅक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो. ताटलीत ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, आणि रंग त्या कागदावर घ्यायचा. तास-दीड तास टिकतो. सुपरग्लूला घट्ट व्हायला हवेतला ओलावा लागतो, त्यामुळे कोरड्या दिवसांत तो उशिरा धरतो. शेजारी ओलं फडकं ठेवलं की फरक पडतो. रंगवलेली जहाजं गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, बारीक भाग वाकतात. नाथसागराच्या बाजूनं वारा सुटला की अंगणात फवाऱ्याचं प्रायमर (रंगाआधीचा थर) मारायचं नाही, घरात एखादं खोकं आडवं करून त्यात मारायचं आणि खिडकी उघडी ठेवायची.

मोडलेल्या काठीचा फोटो पाठवल्यावर विक्रेत्यानं वाद न घालता डोलकाठ्यांचा नवा जोड पाठवला. मात्र संच तयार होऊन यायला सांगितल्यापेक्षा बराच जास्त वेळ गेला, आणि मधे विचारल्याशिवाय त्याच्याकडून काही कळत नव्हतं. कोणाला वाढदिवसाला द्यायचा असेल तर खूप आधी सांगून ठेवा.

पहिल्यांदाच जहाज जोडणाऱ्यानं आधी गलबतं करावीत, दोर-बिर न लावता. नुसती रंगवून झाली तरी खेळता येतं. गुराब नंतर. कंपनीचं जहाज शेवटी, कारण त्याला दोर सगळ्यात जास्त आहेत. मी आता फक्त गलबतं सुटी मागितली आहेत. सहाचा एक जोड काढून देतो असं त्यानं कळवलंय, दर अजून सांगितलेला नाही.