विंगला एकच गॅस रेग्युलेटर की दर मीटरला वेगळा? दोन्ही वापरून झाल्यावरचं माझं मत

आमच्या सोसायटीत दोन विंग आहेत, सात-सात मजले, प्रत्येकी 28 फ्लॅट, खाली कंपाउंडच्या कडेला गॅस बँक, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या एलपीजीच्या बाटल्यांच्या रांगा, आणि घरोघरी गॅसचं मीटर. मागच्या वर्षी बी विंगचा जुना रेग्युलेटर गेला तेव्हा तिथे दर मीटरला वेगळा छोटा रेग्युलेटर बसवला आणि ए विंग मात्र जुन्या पद्धतीवरच राहिली, म्हणजे विंगच्या पायथ्याशी एकच मोठा रेग्युलेटर आणि वर सगळीकडे तयार प्रेशर. मी ए विंगला पाचव्या मजल्यावर, मोठा भाऊ बी विंगला सहाव्यावर, त्यामुळे एक आख्खा हिवाळा दोन्ही प्रकार शेजारी शेजारी बघायला मिळाले. नंतर ए विंगचं काय करायचं हे कमिटीत ठरवायची वेळ आली आणि ते काम माझ्याकडेच आलं. सध्या नाशिकमध्ये इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड सगळीकडून ओळखीचे लोक हेच विचारतायत म्हणून सविस्तर लिहितो.

गॅस बँकेतल्या बाटल्या कशा जोडलेल्या असतात हे सांगत बसत नाही, ज्याच्या सोसायटीत आहे त्याला माहीत आहे. फरक फक्त शेवटच्या टप्प्याचा आहे. बँकेतून एक-दीड बार प्रेशरपर्यंत उतरवलेला गॅस विंगपर्यंत येतो हे दोन्हीकडे सारखंच. पुढे जुन्या पद्धतीत विंगच्या पायथ्यालाच तो थेट 30 मिलीबारवर आणतात आणि तोच रायझरमधून, म्हणजे मजल्यांवर जाणाऱ्या उभ्या पाईपमधून, वर जातो. नव्या पद्धतीत पायथ्याला 100 मिलीबारवर थांबतात आणि शेवटचं 100 वरून 30 चं काम प्रत्येक घरात मीटरच्या आधी बसवलेला रेग्युलेटर करतो. रायझरमध्ये 100 म्हटल्यावर आमच्याकडे दोन-तीन जण घाबरले होते, पण 100 मिलीबार म्हणजे एका बारचा दहावा भाग, तेवढ्याने घाबरायचं कारण नाही, पाईप आणि जॉइंट टेस्ट केलेले असले म्हणजे झालं.

आता प्रेशरचं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे रायझरमधून वर चढताना त्याचं प्रेशर थोडं थोडं कमी होतं, सात मजल्यांना साधारण दोनेक मिलीबार जातात. नुसते दोन गेले तर शेगडीला काही कळत नाही, पण त्यात पाईपमधलं घर्षण आलं आणि सकाळी सहा ते आठ सगळ्यांचे गॅस गीझर एकदम चालू झाले की खरी मजा जाते. एक गीझर शेगडीच्या मोठ्या बर्नरच्या चार-पाच पट गॅस ओढतो. आमच्याकडे पाचव्या मजल्यावर सकाळी ज्योत बसलेली दिसायची, बाजरीची भाकरी तव्यावरून काढून ज्योतीवर टाकली की फुगायच्या आधी कडक व्हायची, आई रोज म्हणायची की आज पण गॅस मेला. त्याच वेळी समोरच्या विंगमध्ये वहिनीकडे सहाव्या मजल्यावर ज्योत एकसारखी. मी काही यंत्र लावून मोजलं नाही, पण दोन महिने दोन्ही स्वयंपाकघरातल्या भाकऱ्या खाल्ल्यात, फरक आहे. कारण सरळ आहे, वर येताना 100 चे 90 झाले तरी घरातला रेग्युलेटर त्यातून 30 काढून देतोच, पण मुळातच 30 पाठवले असतील तर मधे गेलेलं भरून काढायला वर कोणीच नसतं.

बिलाबद्दल खूप गैरसमज आहेत. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचं ठाम मत होतं की प्रेशर कमी म्हणून आमचं मीटर जास्त पळतं. त्यांचं तत्त्व बरोबर आहे, मीटर गॅस किलोत मोजत नाही, घनमीटरमध्ये मोजतं, आणि प्रेशर कमी असेल तर एका घनमीटरमध्ये गॅस जरा कमी मावतो. पण इथे आपल्या नाशिकच्या हवेचाच दाब साडेनऊशे मिलीबारच्या आसपास असतो, त्यावर 30 ऐवजी 28 आले तर फरक पाव टक्क्याच्या आतबाहेर, बिलात दिसणारसुद्धा नाही. उलट एक गोष्ट नीट बघून घ्या, नवा रेग्युलेटर मीटरच्या आधीच बसला पाहिजे. मीटरच्या नंतर बसवला तर मीटरमधून 100 मिलीबारचा गॅस जाणार, मग रीडिंगमध्ये सात टक्क्यांच्या आसपास फरक पडतो आणि घनमीटरचे किलो करायचा आकडा चुकीचा ठरतो. फिटर घाईत असतात, जागा मिळेल तिथे बसवतात, तेव्हा उभं राहून बघा.

पण मला खरं पटलं ते यातल्या कशामुळेच नाही. ज्योत लहान आहे म्हणून मी सोसायटीचा एवढा खर्च करायला सांगितलं नसतं. मला पटलं ते डिसेंबरमधल्या एका सकाळमुळे.

त्या आठवड्यात निफाडचा पारा रोज पेपरमध्ये होता आणि नाशिकमध्येही कडाक्याची थंडी होती. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण, प्रोपेन उणे 42 अंशालाच उकळतो पण ब्युटेन शून्याच्या जवळ, त्यामुळे थंडीत बाटलीत गॅस असूनही त्याची वाफ पुरेशी होत नाही, त्यात सगळे गीझर ओढत असले की बाटल्या आणखी गार पडतात, बाहेरून दव धरतं. चालू रांगेतलं प्रेशर असंच पडलं आणि चेंजओव्हर, म्हणजे बाटल्यांच्या दुसऱ्या रांगेवर जाणं, वेळेवर झालं नाही. सकाळी पावणेसातला दोन्ही विंगचा गॅस गेला.

वॉचमनदादांनी दहा मिनिटांत दुसरी रांग चालू केली, बँकेत प्रेशर आलं. आता विंगच्या रेग्युलेटरमध्ये कमी प्रेशरला आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह असतो, यूपीएसओ म्हणतात त्याला, तो पडला होता. तो रिसेट करायला एक मिनिट लागतं. पण रिसेट करायच्या आधी विंगमधल्या सगळ्या घरातले सगळे नॉब बंद आहेत याची खात्री करावी लागते, कारण गॅस गेला तेव्हा ज्यांच्याकडे शेगडी चालू होती त्यांची ज्योत विझलेली असते आणि नॉब उघडाच असतो. आपल्याकडच्या बहुतेक शेगड्यांना ज्योत गेली की गॅस बंद करणारी सोय नसते. वरून गॅस सोडला की त्या घरात तो नुसताच बाहेर येत राहणार, आणि एलपीजी जड, म्हणजे खाली फरशीवर साचून राहणार.

म्हणून मी आणि वॉचमनदादा सात मजले दारोदार फिरलो. काकू, नॉब बंद केला का? दोन्ही बर्नर? गीझर? मीटरचा कॉक? काही जणांनी दार उघडायच्या आधीच आतून केला केला म्हणून सांगितलं, तरी आम्ही आत जाऊन बघितलं. चार घरांना कुलूप होतं. तीन घरचे गावाला गेलेले, त्यांनी फोनवर सांगितलं की निघताना कॉक बंद केलाय. चौथं घर तिसऱ्या मजल्यावरचं, त्या ताई सातपूरला कंपनीत कामाला आहेत, फर्स्ट शिफ्ट नव्हती पण त्या दिवशी लवकर निघालेल्या. फोन लागला तेव्हा त्यांना आठवेचना. गॅस गेला म्हणून चहा राहू दिला आणि निघाले, एवढंच आठवत होतं.

त्या बिचाऱ्या परत आल्या, साडेआठ झाले होते. कुलूप काढून आम्ही आत गेलो. ओट्यावर दुधाचं पातेलं, दुधावर साय धरलेली, खाली मोठ्या बर्नरचा नॉब आडवा, पूर्ण उघडा. ताईंनी तो हाताने फिरवून बंद केला आणि तिथेच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. स्वयंपाकघराच्या बाहेर फ्रीज चालू होता, त्याचा कॉम्प्रेसर तेवढ्यात खट्ट करून सुरू झाला, तो आवाज मला अजून आठवतो.

पावणेसात ते साडेआठ 28 घरं गॅसवाचून बसली होती, खाली मुलांच्या स्कूल बस येऊन गेल्या, दोन-तीन जण मला जरा चिडूनच म्हणाले की एका घरासाठी सगळ्यांना का थांबवता, चालू करा ना. आम्ही चालू केलं नाही. पण दुसरा कोणी असता, नवीन वॉचमन असता, घाईत असता, तर? पूर्ण विंगची सुरक्षितता एका माणसाच्या धीरावर ठेवायची हे मला पटत नाही.

बी विंगमध्ये त्या दिवशी काय झालं? बँकेत प्रेशर आलं, विंगचा रेग्युलेटर चालू केला आणि विषय संपला. कोणालाही दारोदार फिरावं लागलं नाही, कारण प्रत्येक घराच्या रेग्युलेटरमध्ये स्वतःचा यूपीएसओ आहे आणि तो त्या त्या घरात बंद पडून राहतो. ज्याला गॅस हवा त्याने आपले नॉब बंद करायचे, रेग्युलेटरचं खालचं टोपण काढायचं, आतली छोटी दांडी हलकेच ओढून तीन-चार सेकंद धरायची आणि सोडायची. एखादा नॉब उघडा राहिला असेल तर दांडी सोडल्यावर तो पुन्हा बंदच पडतो, प्रेशर धरतच नाही. कुलूप लावलेलं घर मालक येईपर्यंत बंदच. वहिनीने सातला चहा केला होता.

आता दुसरी बाजू पण सांगायलाच पाहिजे, कारण वेगळ्या रेग्युलेटरचा त्रास नाही असं नाही.

पहिली गोष्ट खर्च. आमच्याकडे आलेल्या कोटेशनमध्ये तो जवळपास दुप्पट होता. दुसरी, रिसेट सगळ्यांना जमत नाही. भावाच्या शेजारच्या आजी एकट्या असतात, त्यांच्या बोटात तेवढी ताकद नाही आणि मीटर ड्राय बाल्कनीत उंचावर, त्यामुळे प्रत्येक वेळी वहिनी जाते. काही मॉडेलमध्ये नॉब बंद केले की बारीक छिद्रातून प्रेशर हळूहळू भरून आपोआप रिसेट होतं, घरात ज्येष्ठ मंडळी जास्त असतील तर ते बघायला हरकत नाही, मला स्वतःला हाताने करायचं बरं वाटतं कारण माणूस तिथे उभा असतो.

तिसरी गोष्ट व्हेंटची, आणि ही कोणी सांगत नाही. रेग्युलेटरच्या आत रबराचा पडदा असतो, त्याच्या एका बाजूला गॅस आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, त्या हवेसाठी एक बारीक भोक ठेवलेलं असतं. ते बुजलं की पडदा हलत नाही आणि प्रेशर भरकटतं. पावसाळ्यानंतर भावाकडे ज्योत वरखाली व्हायला लागली, फिटरने शेगडी साफ केली, नळी बदलली, काही फरक नाही. शेवटी मी टॉर्च मारून बघितलं तर त्या भोकावर कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं, अगदी गुळगुळीत लिंपलेलं, अंगठ्याच्या नखाएवढं. काढल्यावर ज्योत लगेच सरळ. विंगला एकच रेग्युलेटर असतो तेव्हा असं एकच भोक सांभाळायचं असतं, इथे 28. आम्ही आता सगळ्यांना व्हेंट खालच्या दिशेने ठेवून बारीक जाळीची टोपी असलेले घेतलेत.

चौथी, लोक छेडतात. बी विंगमध्ये एकाने बाहेरचा माणूस बोलावून स्प्रिंग आवळून घेतली, ज्योत मोठी हवी म्हणून. ज्योत बर्नरवरून उचलली जायला लागली, फर्र आवाज, कुकरची बुडं काळी. त्यामुळे सील लावूनच घ्या आणि सील तुटलं तर दंड हे सोसायटीच्या वार्षिक सभेत (एजीएम) आधी मंजूर करून घ्या.

चार मजले, आठ-दहा घरं, सगळे एकमेकांना ओळखतात, किल्ल्या शेजारी ठेवून जातात, गीझर इलेक्ट्रिक किंवा सोलरचे, अशी इमारत असेल तर मी म्हणेन की एकच रेग्युलेटर ठेवा, चांगला घ्या, वर्षातून एकदा तपासा, पैसे वाचवा. तिथे दारोदार फिरायला पाच मिनिटं लागतात. पण उंच इमारत, भाडेकरू बदलणारे, दोघंही नोकरीला जाणारी घरं, सकाळी निम्मी कुलपं, तिथे मला तरी वेगळ्या रेग्युलेटरशिवाय झोप लागणार नाही.

अजून एक, तुमच्या भागात पाईप गॅसची लाईन येऊन ठेपली असेल तर थोडं थांबा. पाईप गॅसला घरात 21 मिलीबार लागतात, 30 चा एलपीजीचा रेग्युलेटर तिथे चालत नाही, आणि एका घनमीटरमागे एलपीजीत साधारण अडीचपट उष्णता असल्यामुळे शेगडीचे जेट, म्हणजे गॅस बाहेर सोडणारी बारीक छिद्रं, तीही बदलावी लागतात. मीटर आणि रेग्युलेटर तेव्हा गॅस कंपनीच बसवते, म्हणजे आत्ता केलेला खर्च वाया. आमच्या रस्त्याला अजून खोदकामाचा पत्ता नाही म्हणून आम्ही थांबलो नाही.

ए विंगचं काम फेब्रुवारीत झालं. बसवल्यावर प्रत्येक जॉइंटला साबणाचं पाणी लावून घेतलं, आणि प्रत्येक घरात कोणीतरी एकाने स्वतःच्या हाताने रिसेट करून दाखवल्याशिवाय फिटरला पुढच्या दारी जाऊ दिलं नाही. मीटरशेजारी एक कागद लॅमिनेट करून लावलाय, मोठ्या अक्षरात: आधी सगळे नॉब बंद, मग दांडी, वास आला तर खिडक्या उघडा, लाईटच्या बटणाला हात लावू नका, 1906 ला फोन करा. तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी तोच कागद मागून घेऊन आणखी एक प्रत बाहेरच्या दारावर आतून लावलीय, चपला घालताना समोर दिसेल अशी.