जुन्या ऑल-इन-वनचा मॉनिटर: मूळ पॉवर सप्लाय आणि बॅकलाइट ठेवून केलेला बदल, वापरानंतरचा अनुभव

गोव्यात फोंड्यातल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात २३ इंची ऑल-इन-वन संगणक होता, म्हणजे पडदा आणि संगणक एकाच पेटीत. त्याचा मदरबोर्ड गेला आणि बदली बोर्ड कुठेच मिळेना. पडदा मात्र ठणठणीत होता: आयपीएस पॅनल, १९२० बाय १०८०, बाजूने पाहिलं तरी रंग न बदलणारा. असा पडदा भंगारात घालायला जीव धजावत नव्हता. आता तो मॉनिटर म्हणून चालतो आहे. आख्खा पावसाळा, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीची गर्दी आणि नंतरचा जत्रांच्या पत्रिकांचा हंगाम त्याने काढला. एवढा वापर झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण अशा बदलाचं खरं काय ते पहिल्या आठवड्यात कळत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. बहुतेक ऑल-इन-वनला बाहेरून चित्र आत घ्यायची सोयच नसते. मागचं एचडीएमआय असलं तरी बऱ्याचदा ते बाहेर चित्र देण्यासाठी असतं. ॲपलच्या ऑल-इन-वनपैकी काही आयमॅकमध्ये टार्गेट डिस्प्ले मोड, म्हणजे दुसऱ्या संगणकाचं चित्र आत घ्यायची सोय, होता, २००९ च्या अखेरच्या २७ इंची मॉडेलपासून २०१४ च्या मध्यापर्यंत. ५के पडद्याच्या आयमॅकमध्ये तो नाही. आणि जिथे आहे तिथेही आतला संगणक जिवंत लागतो. मदरबोर्डच मेला असेल तर पॅनलला चित्र पुरवणारा वेगळा कंट्रोलर बोर्ड बसवण्यावाचून गत्यंतर नाही.

हा बोर्ड घेताना सगळं काही पॅनलच्या पाठीवरच्या लेबलवर अवलंबून असतं. संगणकाचा मॉडेल नंबर सांगून बोर्ड मागवू नका, पॅनलचा नंबर द्या. एकाच मॉडेलच्या दोन मशीनमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची पॅनल सापडतात. आमचं पॅनल एलव्हीडीएस प्रकारचं (तारांच्या जोड्यांतून चित्राचा डेटा घेणारं), दोन चॅनलचं, ८ बिटचं. १०८० ओळींच्या चित्राला ६० हर्ट्झवर १४८.५ मेगाहर्ट्झचा पिक्सेल क्लॉक, म्हणजे चित्राचे ठिपके पाठवण्याचा वेग, लागतो. तो दोन चॅनलमध्ये वाटून घेतात, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला ७४.२५ येतो. प्रत्येक चॅनलला डेटाच्या चार जोड्या आणि क्लॉकची एक. बोर्डातला प्रोग्रॅम याच्याशी जुळला नाही तर चित्र उभं दुभंगतं किंवा रंग विचित्र होतात. पॅनलचा व्होल्टेज निवडायची बोर्डावरची छोटी टोपी, म्हणजे जंपर, तितकाच महत्त्वाचा. ३.३, ५ आणि १२ असे पर्याय असतात. ५ व्होल्टच्या पॅनलला १२ दिले तर ते कायमचं गेलं. पॅनलचं डेटाशीट (तांत्रिक माहितीपत्रक) वाचल्याशिवाय जंपरला हात लावू नये.

नोव्हाटेक एनटी६८६७६ चिपचा बोर्ड, त्या पॅनलसाठी प्रोग्रॅम केलेला, केबल आणि बटणांच्या पट्टीसकट दोन हजारांच्या आत आला.

आता मुख्य मुद्दा. असे किट विकणारे सहसा सोबत १२ व्होल्टचा ॲडॅप्टर आणि कुठल्याही पॅनलला चालेल असा एलईडी ड्रायव्हर, म्हणजे पडद्याला उजेड देणाऱ्या दिव्यांना (बॅकलाइटला) वीज पुरवणारं सर्किट, सुचवतात. मी दोन्ही नाकारले आणि मशीनमधला मूळ पॉवर सप्लाय व मूळ बॅकलाइट ड्रायव्हर ठेवला. माझ्या मते या बदलातला सगळ्यात योग्य निर्णय हाच होता.

त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पॅनलच्या कडेला एलईडींच्या अनेक माळा असतात. एका पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. डझनभर एलईडी एकामागे एक जोडले की माळेला चाळीसेक व्होल्ट होतात. मूळ ड्रायव्हर हे व्होल्टेज तयार करतोच, शिवाय प्रत्येक माळेतला करंट वेगळा सांभाळतो. म्हणून आमच्या पॅनलच्या बॅकलाइट कनेक्टरला सहा पिन आहेत. स्वस्त ड्रायव्हरला बाहेर पडणाऱ्या तारा दोनच. सगळ्या माळा एकत्र बांधल्या की ज्या माळेचा व्होल्टेज जरा कमी, ती जास्त करंट ओढते, जास्त तापते आणि आधी मंदावते. आठ-दहा महिन्यांत पडद्याची एक कड पिवळट पडलेले असे मॉनिटर मी दुरुस्तीच्या दुकानात पाहिले आहेत. आमच्या पडद्याचा उजेड आजही चारही कोपऱ्यांत सारखा आहे. पांढरं पान उघडलं की ते पांढरंच दिसतं, आणि छपाईच्या कामात याचं मोल मोठं आहे.

जोडणी अवघड नाही, पण मापून करावी लागते. आमच्या सप्लायमधून १२ व्होल्ट, कायम चालू असणारे ५ व्होल्ट आणि सप्लाय जागा करणारी एक पिन बाहेर येते. डेस्कटॉप संगणकाच्या नेहमीच्या एटीएक्स सप्लायमध्ये हिरवी तार ग्राउंडला जोडली की तो सुरू होतो. इथे उलट होतं, त्या पिनला व्होल्टेज हवा होता. कायम चालू असलेल्या ५ व्होल्टमधून १ किलोओहमचा रेझिस्टर घालून तो दिला. बॅकलाइट ड्रायव्हरला चालू करण्याची एक आणि उजेड कमीजास्त करण्याची एक अशा दोन तारा लागतात. कंट्रोलर बोर्ड ५ व्होल्टचा इशारा देतो, ड्रायव्हरला ३.३ पुरेसा. म्हणून १ आणि २ किलोओहमचे रेझिस्टर वापरून व्होल्टेज खाली आणला. डाग देण्याचं (सोल्डरिंगचं) काम माझ्या मावसभावाने केलं. तो टीव्ही दुरुस्त करतो आणि त्याचा हात माझ्यापेक्षा कितीतरी स्थिर आहे.

आणखी एक शंका होती. अशा पॉवर सप्लायपैकी (एसएमपीएस) काहींना ठरावीक किमान लोड लागतो, नाहीतर व्होल्टेज डळमळतो. संपूर्ण संगणक चालवण्यासाठी बनवलेल्या सप्लायवर आता फक्त पॅनल, बॅकलाइट आणि एक छोटा बोर्ड. मीटर लावून सलग पाहिलं, १२.१ वर स्थिर राहिला. हलक्या कामामुळे तो तापतही नाही, पंखा काढून टाकला तरी चाललं.

सप्लाय उघडणाऱ्यांना कळकळीने सांगतो: २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय झाल्यावर (डीसीत बदलल्यावर) आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट बसतात, पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं) सर्किट असेल तर चारशेच्या जवळ. प्लग काढल्यावरही ते लगेच उतरत नाहीत. मीटरने शून्याजवळ दिसेपर्यंत आत बोट घालू नका. धातूच्या पेटीला अर्थिंग पूर्वीसारखंच घट्ट जोडलेलं हवं. ज्याला हे नीट जमत नाही त्याने जाणत्याकडून करून घ्यावं.

रोजच्या कामात अक्षरं कशी दिसतात हे माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. पत्रिकेत बारीक टाइपात जोडाक्षरं भरलेली असतात. श्री शांतादुर्गा, ज्येष्ठ, राष्ट्रीय यातले तुकडे नीट सुटे दिसले नाहीत तर प्रूफ वाचताना चूक निसटते. सुरुवातीला काळा रंग राखाडी दिसत होता. तो पडद्याचा दोष नव्हता. ग्राफिक्स कार्ड या बोर्डाला टीव्ही समजून १६ ते २३५ एवढीच रंगांची मर्यादा पाठवत होतं. ती ० ते २५५ केली आणि काळं काळं झालं. स्केलिंग (चित्र ताणणं) बंद, १९२० बाय १०८० तंतोतंत, मग अक्षर इतकं धारदार की दुकानातल्या नव्या मॉनिटरपेक्षा मी वाचनासाठी याच्याच पुढे बसतो.

उणिवा आहेत. उजेड फार कमी केला की बॅकलाइट लुकलुकतो, मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पट्टे दिसतात. उजेड कमी करण्यासाठी दिवे झपाट्याने चालू-बंद केले जातात (पीडब्ल्यूएम), त्याची वारंवारता कमी असल्याचा हा परिणाम. ४० टक्क्यांच्या खाली मी जातच नाही. संगणक झोपेतून उठला की चित्र यायला तीन-चार सेकंद लागतात. स्टँडबायमध्ये सप्लाय जागाच राहतो, त्यामुळे रात्री भिंतीवरचं बटण बंद करावं लागतं.

पावसाळ्याची मला सर्वांत जास्त धास्ती होती. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि महिनोन्महिने ओली हवा. पितळी पिना हिरव्या पडतात, पॅनलच्या थरांत बुरशी शिरते. मागच्या भोकांवर बारीक नायलॉनची जाळी लावली, मुंग्यांसाठी आणि पालींसाठी. दुकान बंद असलं तरी वर राहणारी वहिनी रोज तासभर पडदा चालू करायची, जेणेकरून आत थोडी ऊब राहावी. ऑक्टोबरात उघडून पाहिलं तर एलव्हीडीएसचा कनेक्टर स्वच्छ, बुरशीचा मागमूस नाही. विजेच्या चढउतारांचाही त्रास झाला नाही. सप्लाय १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे संध्याकाळी व्होल्टेज पडला तरी पडदा हलत नाही. बारक्या ॲडॅप्टरने हे सोसलं असतं असं मला वाटत नाही.

येत्या पावसाआधी १२ व्होल्टच्या बाजूचे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बदलणार आहे, १०५ अंशांच्या दर्जाचे, त्याच मापाचे. एकाच्या टोपीला किंचित फुगवटा दिसतोय.