डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या : बोटॉक्स की फिलर?

हसताना डोळ्यांच्या कडेला पंख्यासारख्या रेषा पडतात, त्यांच्यावर उपाय बोटॉक्स. डोळ्यांखाली पडलेली खाच भरायची, तर फिलर. दुकान एकच असलं तरी माल वेगळा, आणि गल्लत होते ती इथेच.

बोटॉक्स हे इंजेक्शन स्नायू सैल करतं. १९८७ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स पापण्या फडफडण्यावर ते वापरत होत्या. एका रुग्णाच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या आणि तिथून हे सौंदर्यप्रकरण सुरू झालं. परिणाम तीन-चार दिवसांत दिसू लागतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. चुकलंच, तर वाट बघायची.

इथे फिलर म्हणजे सुईने भरायची, त्वचेत मुळातच असणाऱ्या हायल्युरॉनिक अ‍ॅसिडची जेल. बहुधा वर्षभर टिकते, नको झाली तर हायल्युरोनिडेज हे एन्झाइम देऊन विरघळवता येते. पण डोळ्यांखालची त्वचा कागदासारखी पातळ. जेल वरच्या थरात राहिली तर निळसर छटा दिसते. चुकून रक्तवाहिनीत गेली तर, क्वचित का होईना, दृष्टीही जाऊ शकते. म्हणून हे ब्यूटी पार्लरमध्ये? मुळीच नाही.

माझं मत विचाराल तर रेषांसाठी आधी बोटॉक्स. डोळ्यांखालच्या फुगीर पिशव्यांवर मात्र दोन्हींचा फारसा उपयोग नाही.