अपघाताची वही कशी वाचावी: दर काढून, एकच अपघात खणून, की ‘थोडक्यात वाचलो’ गोळा करून?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांत अपघाताची वही फक्त इन्स्पेक्शनच्या दिवशी उघडते. ती खरोखर वाचायचं ठरवलंत, तर मार्ग तीन आहेत. लहान कारखान्यात सेफ्टीचं काम बघणाऱ्या माणसाकडे प्रॉडक्शनचीही कामं असतात, त्यामुळे वेळ एखाद्याच मार्गाला पुरतो. मी रबाळे-महापेत तिन्ही वापरले आहेत.

पहिला मार्ग आकड्यांचा. दहा लाख मनुष्यतासांमागे किती अपघात, हा दर काढायचा आणि वर्षामागून वर्ष ताडून बघायचा. व्यवस्थापनाला तो आवडतो, कारण एका तक्त्यात मावतो. पण हिशेब करून बघा. ८० माणसं, आठवड्याला ४८ तास, वर्षाला ५० आठवडे म्हणजे १,९२,००० तास. वर्षात एक अपघात झाला तर दर ५.२, दोन झाले तर १०.४. दर दुप्पट झाला, पण कारखाना दुप्पट धोकादायक झाला असं त्यावरून म्हणता येत नाही. हजार-दीड हजार माणसं असतील तर मात्र हे आकडे बोलायला लागतात. तेव्हाही भागाकार विसरू नका. समजा दिवसपाळीत ८ अपघात आणि रात्रपाळीत ६, पण दिवसा ३०० माणसं आणि रात्री १००. मग खरा धोका रात्रीच आहे.

वहीत काय येतच नाही, हेही बघायला हवं. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने अपघात कळवण्यासाठी ४८ तासांची सीमा घातली: जखमी माणूस तेवढा वेळ कामावर येऊ शकला नाही, तर कळवायचं. म्हणून दुसऱ्याच दिवशी पट्टी बांधलेल्या माणसाला बोलावून गेटवर बसवलेलं मी पाहिलं आहे. ठेकेदाराच्या माणसाला तर परस्पर दवाखान्यात नेतात. अशा वहीवरून काढलेला दर कितीही सुंदर दिसला तरी माझा त्यावर विश्वास बसत नाही.

दुसरा मार्ग एकच अपघात निवडून मुळापर्यंत जाण्याचा. एका प्रेस शॉपमध्ये पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर, हेल्परची दोन बोटं गेली. वहीत कारण होतं ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. टोयोटात रुळलेल्या पद्धतीने ‘का?’ विचारत गेलो. हात आत का होता? दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून मशीन दोन बटणं एकदम दाबल्यावरच चालायला हवं; पण ती गरजच उरली नव्हती, एक बटण वायर टाकून बायपास केलं होतं. का? ते अडकत होतं. दुरुस्त का नव्हतं? मेंटेनन्सकडे दिलेली चिठ्ठी तशीच पडून होती. इथे थांबलो असतो तर अर्धीच गोष्ट कळली असती. तो मुलगा सलग दुसरी शिफ्ट करत होता, त्याच्या जागी येणारा रिलिव्हर आलाच नव्हता. ‘का’ची साखळी एकाच दोऱ्याने खाली जाते, दुसरा दोरा तिला दिसत नाही. म्हणून मी माशाच्या काट्यासारखी इशिकावा आकृती सोबत काढतो: यंत्र, माणूस, पद्धत, माल, प्रत्येकाची वेगळी फांदी. याला तीन-चार दिवस जातात, आणि जखमी माणसाशी घरी जाऊन निवांत बोलावं लागतं. तेवढं त्याचं देणं आपण लागतोच.

तिसरा मार्ग म्हणजे थोडक्यात टळलेले प्रसंग. औद्योगिक सुरक्षेवर लिहिणाऱ्या अमेरिकन हाइनरिशने १९३१ साली १-२९-३०० असं प्रमाण मांडलं: एका मोठ्या इजेमागे २९ किरकोळ आणि ३०० विनाइजेचे प्रसंग. हे प्रमाण आपल्या कारखान्याला जसंच्या तसं लावू नका. बोट कापण्याची आणि रसायनांचा रिअॅक्टर फुटण्याची कारणं वेगळी असतात. अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या तेल रिफायनरीत २००५ साली स्फोटात १५ माणसं गेली, आणि तिथे इजांचा दर आधी चांगला दिसत होता. आपल्या जिल्ह्यात डोंबिवली एमआयडीसीने २०१६ आणि २०२४ अशा दोन मे महिन्यांत स्फोट पाहिले. केमिकल युनिट असेल तर इजा मोजून भागत नाही. तापमान किती वेळा मर्यादेबाहेर गेलं, जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह कधी उडाला, धोका दिसताच यंत्र आपोआप बंद करणारा कोणता ट्रिप बायपास केला, याची नोंद हवी. ती मिळते शिफ्ट सुटताना विचारल्यावर. एकाला जरी मेमो दिलात, तर पुढच्या महिन्यात नोंदी शून्य होतात.

म्हणून माझं मत असं: शंभरच्या आतलं प्रेस किंवा फॅब्रिकेशन शॉप असेल तर दर काढण्यात वेळ घालवू नका, दुसरा मार्ग घ्या. पावणे एमआयडीसीसारख्या भागात रसायनं हाताळत असाल तर तिसऱ्यापासून सुरुवात करा, एखादा मोठा प्रसंग थोडक्यात टळला की लगेच दुसरा मार्ग वापरा. पहिला मार्ग मोठ्यांचा, तोही कंत्राटी माणसांचे तास आणि त्यांच्या इजा दोन्ही धरल्या तरच. सुरुवातीला वहीतली ‘निष्काळजीपणा’ लिहिलेली सर्वांत अलीकडची नोंद घ्या, आणि त्या मशीनवर आज जो उभा आहे त्याला विचारा की इथे हात आत का घालावा लागतो.