बहिष्कार की जनदबाव? परदेशातील समलैंगिकविरोधी कायद्यांबाबत निवड करताना

परदेशातील सरकारने समलैंगिकांना तुरुंगात टाकणारा कायदा केला, तर आपल्यासारख्यांपुढे मुख्यतः दोन वाटा असतात. एक तर त्या देशाशी असलेला पैशाचा व्यवहार थांबवायचा, नाहीतर तो चालू ठेवून पत्रे, सह्या आणि देणग्यांच्या रूपाने तिथे लढणाऱ्यांच्या पाठीशी उभे राहायचे. वडोदऱ्यातील मकरपुरा जीआयडीसीतल्या माझ्या छोट्या कारखान्यातून पंपांचे सुटे भाग युगांडाच्या राजधानीत, कंपालाला जातात. त्यामुळे मे २०२३ मध्ये युगांडाचा समलैंगिकताविरोधी कायदा झाला, तेव्हा हा प्रश्न माझ्या ऑर्डरबुकापर्यंत येऊन पोहोचला.

बहिष्काराचे बळ नाकारता येत नाही. एप्रिल २०१९ मध्ये ब्रुनेईने समलिंगी संबंधांसाठी दगडांनी ठेचून मारण्याची शिक्षा लागू केली, तेव्हा जॉर्ज क्लूनी आणि एल्टन जॉन यांनी लंडनच्या डॉर्चेस्टरसारख्या हॉटेलांवर बहिष्कार टाकण्याचे आवाहन केले. ही हॉटेले ब्रुनेई सरकारच्याच गुंतवणूक संस्थेची असल्याने फटका नेमका कायदा करणाऱ्यांनाच बसत होता. मे महिन्यात सुलतानांनी मृत्युदंडाच्या अंमलबजावणीवर आधीपासून असलेली स्थगिती या नव्या दंडसंहितेलाही लागू असल्याचे जाहीर केले, मात्र कायदा रद्द झाला नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्याने २०१६ मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या स्वच्छतागृह वापरावर बंधने घालणारा कायदा केल्यानंतर ऑनलाइन पैसे भरण्याची सेवा देणाऱ्या पेपाल कंपनीने ४०० नोकऱ्यांचे नियोजित केंद्र रद्द केले, बास्केटबॉलचा ऑल-स्टार सामना राज्याबाहेर गेला आणि पुढच्याच वर्षी कायद्याचा काही भाग मागे घेतला गेला. या दोन्ही ठिकाणी बहिष्कार टाकणाऱ्यांनी आपले कारण जगाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले होते.

माझी अडचण नेमकी इथेच झाली. मी एका मागणीला भाव कळवायचे टाळले, तर कंपालाच्या व्यापाऱ्याचे उत्तर आले की आगाऊ रक्कम निम्म्यापर्यंत वाढवून देतो, हवे असल्यास वाहतूकही आमच्याकडे. माझा नकार त्याला पैशाची घासाघीस वाटला होता. खरे कारण मेलवर लिहावे, तर त्या कायद्यात समलैंगिकतेच्या ‘प्रसारा’साठी वीस वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची तरतूद आहे, आणि तसा मजकूर त्याच्या मेलपेटीत ठेवण्याचा मला काय अधिकार? कारण न सांगता टाकलेला बहिष्कार आणि सामान्य व्यापारी नकार यांत समोरच्याला काहीच फरक दिसत नाही. कायदा करणाऱ्यांपर्यंत त्यातले अवाक्षरही पोहोचत नाही, तोटा मात्र व्यापाऱ्याच्या दुकानातल्या कामगारांचा होतो. बहिष्काराचा नेम चुकण्याची उदाहरणे मोठ्या पातळीवरही आहेत. २०१३ मध्ये रशियाच्या, समलैंगिकतेच्या ‘प्रचारा’वर बंदी घालणाऱ्या कायद्याचा निषेध म्हणून अमेरिकेतल्या बारमालकांनी स्टोलिचनाया व्होडका ओतून दिली, पण परदेशात विकली जाणारी ती व्होडका लाटवियात तयार होत होती.

दुसऱ्या वाटेचे दोष मला ठाऊक आहेत. ती संथ आहे, आणि ज्यांना मदत करायची त्या संस्थाच बंद पाडल्या जातात. युगांडातील ‘सेक्शुअल मायनॉरिटीज युगांडा’ या संस्थेचे काम सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये थांबवले. तरीही २०१४ चा आधीचा कायदा रद्द करवून घेतला तो युगांडाच्याच प्राध्यापक, पत्रकार, खासदार आणि कार्यकर्त्यांनी घटनात्मक न्यायालयात जाऊन. गणपूर्ती नसताना तो संमत झाला, हा त्यांचा मुद्दा ग्राह्य धरला गेला. त्याच वर्षी तिथल्या संघटनांनी परदेशी मित्रांना सांगितले होते की सरसकट मदत तोडू नका, त्याचे खापर आमच्यावर फुटेल. २०२३ च्या कायद्यानंतर जागतिक बँकेने नवी कर्जे थांबवली आणि २०२५ मध्ये ती पुन्हा सुरूही केली, पण कायदा जागेवरच आहे. एप्रिल २०२४ मध्ये समलैंगिकांना घर भाड्याने देण्यावरील शिक्षेसारखी काही कलमे गळाली, तीही स्थानिकांच्याच याचिकांमुळे.

आपल्याकडेही ३७७ कलमाची धार २०१८ मध्ये गेली ती कुणी आपला चहा किंवा कापूस नाकारला म्हणून नव्हे. त्यामागे नाझ फाउंडेशनसारख्यांची न्यायालयातली दीर्घ लढाई होती, आणि वडोदऱ्यातील लक्ष्य ट्रस्टसारख्या संस्थांनी लोकांमध्ये राहून वर्षानुवर्षे केलेले काम होते.

म्हणून माझा कल, थोडा संकोच बाळगूनच सांगतो, दुसऱ्या वाटेकडे आहे. सुलतानाच्या हॉटेलासारखे थेट लक्ष्य असेल आणि तिथले पीडितच बहिष्काराची हाक देत असतील, तर बहिष्कार जरूर टाकावा, फक्त कारण जाहीरपणे सांगून. एरवी व्यवहार चालू ठेवावा आणि नफ्यातला वाटा तिथल्या कायदेशीर मदतीच्या कामाकडे वळवावा, असे मला वाटते. पैसे कोणत्या मार्गाने पाठवले तर तिथल्या कुणावर बालंट येणार नाही, हे मात्र आधी त्या संस्थेलाच विचारावे. बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म भरताना हेतू ‘देणगी’ असा स्पष्ट लिहावा लागतो, आणि अशा देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही.