बेहरिंगर यूसीए२०२ : आजोबांच्या कॅसेटी अखेर लॅपटॉपवर

वास्कोच्या दामोदर सप्ताहात आजोबांनी टेप केलेल्या भजनांच्या कॅसेटी घरी पडून होत्या, गोव्याच्या पावसात त्यांना बुरशी लागायच्या आत कॉपी करायच्या म्हणून हा डबा घेतला, म्हणजे कॅसेट डेकचा आवाज यूएसबीने लॅपटॉपमध्ये घेणारा छोटा ऑडिओ इंटरफेस. आधी म्हापशातून एक स्वस्तातली वायर आणून डेकच्या हेडफोनमधून थेट लॅपटॉपच्या भोकात घातली होती, तर आवाज एकाच बाजूचा आणि वर फाटलेला, कारण ते भोक माइकचं असतं, मोनो, आणि डेकचा सिग्नल त्याला झेपत नाही. पैसे गेले ते गेलेच!

ह्याला मागे लाल-पांढऱ्या आरसीए पिना आहेत, डेकच्या लाइन आउटमधून सरळ जोडायच्या आणि यूएसबी लॅपटॉपला, ड्रायव्हर वगैरे काही लागलं नाही. वेगळा अ‍ॅडॉप्टरही नको. आवाजाचा दर्जा म्हणाल तर १६ बिट, ४८ किलोहर्ट्झपर्यंतच रेकॉर्ड होतं, पण कॅसेटला ते भरपूर झालं. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ऑडॅसिटी फुकट आहे, त्यात पीक, म्हणजे आवाजाची सर्वात वरची पातळी, साधारण उणे ६ डीबीला ठेवा, पखवाज जोरात वाजला की कळतं का ते.

खटकलं एकच, इनपुटचा आवाज कमीजास्त करायचं बटण नाही. बाकी ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटंच जातात, त्याला डबा काय करणार. आणि हो, आधी डेकचं हेड, म्हणजे टेप ज्यावरून घासत जाते तो भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, माझा कापूस तपकिरी झाला बघा, त्यानंतर टाळ ऐकू यायला लागले!