वर्कशॉपसाठी वेगळा डीबी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सुतारकामाच्या खोलीसाठी घराच्या मुख्य बोर्डापासून वेगळी केबल ओढून स्वतंत्र डीबी (वीज वेगवेगळ्या सर्किटांत वाटणारा बोर्ड) बसवून घेतला, त्याला आता आठ महिने झाले. त्याआधी 2 अश्वशक्तीची टेबल सॉ (लाकूड कापायची टेबलावरची करवत) 2.5 चौरस मिलिमीटरच्या जुन्याच वायरिंगवर चालत असे आणि ती सुरू होताच खोलीतले दिवे क्षणभर मंदावत. चालू असताना साधारण 10 अँपिअर घेणारी ही मोटर सुरू होताना सहापट प्रवाह खेचते. बोर्डापासूनचे अंतर 25 मीटर, म्हणजे जाऊन-येऊन 50 मीटर तांब्याची तार. तेवढ्या तारेत 60 अँपिअरला सुमारे 22 व्होल्ट वाटेतच खर्ची पडत. नव्या 10 चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये हीच घट साडेपाच व्होल्टांच्या आसपास येते आणि सॉ पूर्वीपेक्षा लवकर वेग पकडते.

तरीही माझ्या लेखी या खटाटोपाचे मोल जाड केबलीत नाही, दिव्यांच्या वेगळ्या सर्किटमध्ये आहे. पूर्वी लाकूड अडकून एमसीबी (जादा प्रवाह झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडला की पाते अजून फिरत असतानाच खोलीत अंधार होई. आता यंत्र थांबते, पण हात कुठे आहे ते दिसत राहते.

सुरुवातीचा महिना त्रासाचा गेला. सॉसाठी बी प्रकारचा 16 अँपिअरचा एमसीबी लावला होता. तो 48 ते 80 अँपिअरच्या दरम्यान तत्काळ पडू शकतो, त्यामुळे सुरू होतानाच्या 60 अँपिअरला कधी टिके, कधी पडे. त्याच क्षमतेचा, पण सुरुवातीचा जास्त प्रवाह सहन करणारा सी प्रकारचा बसवल्यावर ही कटकट मिटली.

दुसऱ्या दोषाने मात्र आम्हाला दोन दिवस चकवले. दिवे आणि सॉकेट यांना स्वतंत्र आरसीसीबी (गेलेला आणि परतलेला प्रवाह जुळला नाही तर वीज तोडणारे स्विच) आहेत. दिवा लावला की दोन्ही पडत. दोष ना दिव्यात होता, ना अर्थिंगमध्ये. दिव्यांचा न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी तार) चुकून सॉकेटच्या न्यूट्रल पट्टीवर जोडला गेला होता. 20 वॅटच्या दोन दिव्यांचा प्रवाह 170 मिलिअँपिअरच्या आसपास, पण तो एका आरसीसीबीतून जाऊन दुसऱ्यातून परतत असल्यामुळे 30 मिलिअँपिअरची मर्यादा सहज ओलांडत होता. म्हणूनच काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक आरसीसीबीची न्यूट्रल पट्टी वेगळी ठेवून घ्यावी, आणि न्यूट्रल व अर्थ या बोर्डात कोठेही एकत्र जोडलेले नाहीत याची खात्री करून घ्यावी. आरसीसीबी जादा भारापासून संरक्षण देत नाही, ते काम एमसीबीचेच, हेही अनेकांच्या ध्यानात नसते.

देखभाल फारशी नाही. आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबतो. सहाव्या महिन्यात मुख्य पुरवठा बंद करून स्क्रू तपासून घेतले, तेव्हा एक किंचित सैल निघाला. केबलच्या एका छिद्राला ग्लँड (केबलभोवतीची फट बुजवणारी पकड) लावायची राहून गेली होती, तेवढ्या वाटेने बराच भुसा आत साचला होता. बाकी झाकण घट्ट आहे. एकच चुकले : बोर्ड बारा मॉड्यूलचा, म्हणजे स्विचच्या बारा जागांचा, घेतला आणि तो आताच भरत आला आहे. धूळ ओढणाऱ्या यंत्राला स्वतंत्र सर्किट द्यायचे आहे, पण त्यासाठी एकच जागा उरली आहे.